लाल रेघ

सातबाऱ्यावर अडतीस गुंठे.
पावसाळा सरल्यावर मोजाल तर एकोणीस,
बाकीचे पाण्याखाली.
हिप्परग्याचं तळं विचारून येत नाही.
कार्तिकात जरा मागं सरतं, पुसात आणखी थोडं,
आणि जाताना ठेवून जातं गाळ, शिंपले,
कुणाची तरी एका पायाची चप्पल.

पाण्यात जाते म्हणूनच स्वस्तात मिळाली.
अब्बांनी टांगा विकला, आम्मीनं बांगड्या.
स्टेशन ते बाळीवेस, शेवटच्या टांग्यांतला तो एक.
चाकं गेली, घोडी राहिली.
तिची ही नात, जरीना,
पंचकल्याणी, गळ्याखाली देवमण,
म्हणून नवरदेवांची मागणी जास्त.
अकलूजच्या बाजारात एकानं
तिचे दात बघून किंमत सांगितली.
मी त्याचे दात बघितले
आणि तिला घेऊन परत आले.

तर नोटीस आली.
पाणथळ क्षेत्र, पूररेषा, लीद,
पंधरा दिवसांत खुलासा करावा.
आमचं आडनाव नालबंद,
त्यांनी लिहिलं नालबंदी,
जणू मीच एक मनाई आहे.

मोजणीदार आला, सोबत
गळ्यात दुर्बीण घातलेल्या वनरक्षक होटकरबाई.
लाल ऑइलपेंटची रेघ
दगडादगडावरनं ओढत गेले,
ती नेमकी गव्हाणीतून गेली.
म्हणजे जरीना चारा खाणार सरकारात
आणि लीद टाकणार माझ्यात.
होटकरबाई हसल्या नाहीत.
मग हसल्या.

खोटं कशाला बोलू,
लीद उतरते तळ्यात.
मोठ्या पावसात उकिरड्याचं पाणी
तपकिरी कासऱ्यासारखं सरळ खाली जातं,
जिथं टेकतं तिथं शेवाळ दाटतं.
हे मला नोटिशीच्या आधीपासून ठाऊक आहे.
आणि हेही, की जरीना चरायला निघाली
की गायबगळे तिच्या पायापायात चालतात
वऱ्हाडी चालतात तसे,
उडेल ते टिपत.
खुलाशात दोन्ही लिहायचं होतं.
तलाठ्याकडचा माणूस म्हणाला, एकच काहीतरी लिहा.

माघात एका पहाटे होटकरबाई एकट्याच आल्या.
दुर्बीण माझ्या हातात दिली. मी उलटी धरली.
सगळं लांब गेलं, तळं, बाभळी,
बोटाएवढी जरीना.
सुलटी करून दिली त्यांनी.
राखाडी राजहंस, डोक्यावर दोन काळे पट्टे.
पट्टकदंब, त्या म्हणाल्या, हिमालयावरनं येतात.
ह्यांच्याही डोक्यावरनं रेघ गेलीय की, मी म्हटलं.
चहा झाला. खुलाशाचं कुणीच बोललं नाही.

चैत्रात पाणी पार खाली गेलं.
ओल्या गाळात रुतलेला जरीनाचा खूर
वाळून वाटी झाला होता,
त्यात टिटवीनं चार अंडी घातली,
मातीवर मातीच्याच रंगाची.
रेघेच्या खाली, पण माझ्या सातबाऱ्यात.

ऐन लग्नसराई.
मी चार मेखा ठोकून सुतळी ओढली.
जरीनाची वाट बांधावरनं वळवली, लांबची.
होटकरबाई रजिस्टर उघडून थांबल्या,
घरटं कशात आहे म्हणून लिहू?
खुरात लिहा, मी म्हटलं,
आणि नालबंद नीट लिहा.

उकिरडा आता बाभळीपलीकडं चढावर नेतेय,
रोज दहा पाट्या. कंबर बोलते.
गव्हाण अजून रेघेवरच आहे.

काल जुळे सोलापुरातली वरात आटपून
रात्री दोनला परतलो.
जरीनाच्या अंगावर अजून जरीची झूल,
कानात बँड.
अंधारात टिटवी ओरडत अंगावर आली.
हजाराच्या माळेला न बुजणारी माझी घोडी
त्या मूठभर पाखराला बुजली,
चार पावलं मागं सरली,
पाणी सरतं तशी,
कुणी न सांगता.